मेनू दिसतो, पण उत्तर रिकामं
देवगडात मामाच्या दुकानातल्या जुन्या संगणकांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायला व्हिपटेल, म्हणजे टर्मिनलवर मेनू दाखवणारं छोटं साधन, वापरून छोटा मेनू लिहिला. काहीही निवडा, उत्तर साठवायचं व्हेरिएबल रिकामंच! अर्धी रात्र गेली, त्यात पावसाने दोनदा वीज घालवली. मग कळलं: व्हिपटेल पडदा स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रामच्या नेहमीच्या मजकुराची वाट) रंगवतं, उत्तर मात्र स्टँडर्ड एररवर (चुकांच्या संदेशांची वाट) देतं. दोन्हींची अदलाबदल केली, चाललं.

मराठी मेनूचा हट्ट सोडला. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर (नुसत्या मजकुराचा पडदा) जेमतेम ५१२ चिन्हं मावतात, जोडाक्षरं तर जुळतच नाहीत. रोमन लिपीत मराठी लिहिलं. वाचताना हसू येतं, पण कळतं.

डिस्कच्या यादीत नुसतं 'एसडीए', 'एसडीबी' अशी लिनक्सने दिलेली नावं होती. मामा म्हणाला, "अरे, ह्यातलो पेनड्राइव्ह खंयचो?" मग प्रत्येकापुढे आकार नि मॉडेल जोडलं, आणि डिस्क पुसण्याआधीच्या प्रश्नावर 'नाही' आधीच निवडलेलं ठेवलं.