कल काढण्याआधी केंद्राचा इतिहास वाचा

हवामानबदलाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांना तीस वर्षांची सरासरी, विसंगती (त्या सरासरीपासूनचा फरक), कलाची सार्थता (आकड्यांतली सततची वाढ किंवा घट निव्वळ योगायोगाची असण्याची शक्यता फार कमी असणे) या गोष्टी ठाऊक असतातच. ज्या एका चुकीपायी माझे जवळजवळ वर्ष वाया गेले, तिच्याविषयीच मी येथे लिहीत आहे.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या वेधशाळेचे, म्हणजे हवामान केंद्राचे, किमान तापमान घेतले होते. कल तपासणारी मॅन-केंडल ही सांख्यिकी चाचणी लावताच रात्री थंड होत चालल्याचा सार्थ कल मिळाला. देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढलेले असताना येथे उलटे घडते आहे, या आनंदात मी कालव्याचे पाणी आणि उसाचे वाढलेले क्षेत्र अशी कारणे देत चार पाने लिहून काढली. पुढे जुनी नोंदवही चाळताना समासात पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ दिसली : ‘आजपासून वाचन नवीन जागेवर.’

वेधशाळा कचेरीच्या आवारातून गावाबाहेरच्या माळावर हलवली गेली होती. गावातल्या भिंती आणि रस्ते दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात. माळावरची जमीन मात्र निरभ्र रात्री झपाट्याने निवते. त्यामुळे किमान तापमान एकदम एक पायरी खाली उतरले आणि पुढेही तेथेच राहिले. मॅन-केंडलला पायरी आणि उतार यांतला फरक कळत नाही, हे नीट लक्षात घ्या. तिला फक्त नंतरचे आकडे आधीच्यांपेक्षा कमी दिसतात. तापमापक ज्यात ठेवतात त्या पांढऱ्या स्टीव्हन्सन पेटीचा रंग उडाला, पाऱ्याच्या तापमापकाऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक बसला, वाचनाची वेळ बदलली किंवा शेजारी इमारत उभी राहिली, तरी अशीच फसगत होऊ शकते.

म्हणून आधी शेजारच्या तीन-चार केंद्रांची सरासरी आपल्या आकड्यांतून वजा करावी. प्रदेशाचे हवामान सर्वांना बहुतांशी समान असल्याने ते या वजाबाकीत जवळजवळ निघून जाते आणि आपल्या केंद्राचे वेगळेपण उरते. त्यात पायरी कोणत्या वर्षी आहे ते पाहून नोंदवही उघडावी. मात्र सगळ्या केंद्रांची उपकरणे एकाच सुमारास बदलली असतील, तर या वजाबाकीतून काहीही कळत नाही. जुने आणि नवे उपकरण काही काळ शेजारीशेजारी चालवून घेतलेल्या समांतर नोंदी अशा वेळी सोन्याच्या मोलाच्या ठरतात.

१९५१ पासूनचा तयार ग्रिड डेटा (केंद्रांच्या नोंदींवरून नकाशाच्या चौकोनांसाठी काढलेले आकडे) उतरवून एका संध्याकाळी कल काढण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. अक्षांश-रेखांशाच्या एका अंशाच्या चौकोनात एखाद्या केंद्राचा इतिहास दिसतच नाही. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजू नका. ‘केंद्र पाहून आलात का?’ असे विचारणारे कोणी भेटले, तर त्यांना सोडू नका. मला ते कोणी विचारले नाही.

तरीही घाबरण्याचे कारण नाही. माझ्या आकड्यांतली स्थलांतराची पायरी दुरुस्त केल्यावर थंडावण्याचा कल नाहीसा झाला, किंचित वाढ उरली, तीही सार्थ नव्हती. आणि प्रबंध स्वीकारला गेला. कालव्याच्या त्या चार पानांच्या जागी आता एक छोटा तक्ता आहे : जुनी जागा, नवी जागा, स्थलांतराची तारीख आणि केलेली दुरुस्ती.