लॅपटॉपची रॅम: किती लागते आणि किती बसते

लॅपटॉप मंद झाला की दुकानात पहिला सल्ला मिळतो तो रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, वाढवण्याचा. पैसे मोजण्यापूर्वी गरज तपासावी, कारण आहे तेवढी रॅम पुरेशी असेल, तर यंत्रात आणखी किती बसते हा प्रश्नच उरत नाही.

ही तपासणी लॅपटॉप नुकताच सुरू केलेला असताना करू नये. ब्राउझरचे वीसेक टॅब, एक्सेलची मोठी फाइल, व्हिडिओ कॉल असे नेहमीचे काम अर्धा तास चालू ठेवून मग विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात व टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘मेमरी’ पाहावी. ७० टक्के वापर दिसला म्हणून घाबरू नये. मात्र ‘अव्हेलेबल’चा आकडा काहीशे एमबीवर आला, ‘कमिटेड’मधला पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच पुढे गेला आणि एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना डिस्क सतत राबू लागली, तर रॅम खरोखरच अपुरी आहे. याउलट मेमरी मोकळी असून जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर तोच पैसा एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान साठवणीवर, खर्च करावा.

विंडोज ११ साठी ४ जीबीची किमान अट आहे, पण तेवढ्यात काम रेटणे जिकिरीचे असते. पत्रव्यवहार आणि बँकेच्या कामांना ८ जीबी चालते, वर सांगितलेल्या कामाला १६ जीबी घ्यावी. ३२ जीबीचा विचार व्हिडिओ संपादन किंवा व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात चालणारा दुसरा आभासी संगणक) वापरणाऱ्यांनी करावा.

किती बसते, हे प्रोसेसर, मदरबोर्डवरचे (मुख्य सर्किट बोर्डावरचे) रॅमचे स्लॉट आणि ऑपरेटिंग सिस्टिम या तिघांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, त्यावर ठरते. इंटेलचा आय५-८२५०यू हा प्रोसेसर ३२ जीबीपर्यंत रॅम हाताळतो. पण लॅपटॉपमध्ये ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की जोडलेली) आणि स्लॉट एकच असेल, तर १६ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची सुटी पट्टी, लावून एकूण २० जीबी होते. ३२ बिटांचे विंडोज ७ किंवा १० असेल, तर ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच जाते. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ दिसतात. तिथे ‘सोडिम’ लिहिलेले असेल तर स्टिक बदलता येते, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे. एम१ मॅकबुक एअरमध्ये खरेदीच्या वेळी निवडलेली ८ किंवा १६ जीबी हीच कायमची.

स्टिक घेताना जुनी काढून तिच्यावरचे लेबल वाचावे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या; त्यांच्या स्टिकची खाच वेगळ्या जागी असल्याने चूक लगेच कळते. डीडीआर३चे तसे नाही. फक्त १.३५ व्होल्टची डीडीआर३एल चालवणाऱ्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ स्टिक नेमकी बसते, पण पडदा काळाच राहतो.

बसवताना चार्जर काढून बॅटरीची जोडणी सोडवावी, स्टिक तिरकी सरकवावी आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ वाजेपर्यंत खाली दाबावी. नंतर १६ जीबीच्या जागी १५.८ वापरण्याजोगी दिसली, तर दुकानदाराशी भांडू नये. उरलेला भाग ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरसाठी राखीव असतो.