प्रत्येक ‘श्टुर्म’ म्हणजे वादळ नव्हे: या चुका टाळा

गेली कित्येक वर्षं पुण्यात जर्मन शिकवते आणि जोडीला मराठी लेखांमधली जर्मन नावं तपासून देते, आणि या सगळ्या काळात एका शब्दाने मला जेवढं छळलंय तेवढं जर्मन व्याकरणाने पण नाही छळलं. श्टुर्म. आणि त्याचाच सख्खा भाऊ, श्ट्युर्मर, म्हणजे हल्ला करणारा. आडनावात हा, पेपरच्या नावात हा, नाझींच्या हुद्द्यांत हा, नाटकाच्या नावात हा, फुटबॉलच्या बातमीत पण हाच. आणि लोक काय करतात, तर मोबाईल काढतात, पहिला अर्थ ‘वादळ’ दिसतो, तो चिकटवतात आणि मोकळे होतात. तीन महिन्यांत ए-वन, म्हणजे अगदी पहिली लेव्हल करून प्रोफाइलवर ‘जर्मन ट्रान्सलेटर’ लिहिणाऱ्या मंडळींना तर माझा हात जोडून नमस्कार.

चूक पहिली, आणि सगळ्यात लाडकी: वादळ

श्टुर्म म्हणजे वादळ हे खोटं नाहीये, हवामानाच्या बातमीत तोच अर्थ. पण दुसरा अर्थ पण खूप जुना आहे, शत्रूच्या ठाण्यावर सगळं बळ लावून तुटून पडणं. आपल्याकडे बखरींमध्ये याला झकास शब्द आहे, सुलतानढवा. किल्ल्याला वेढा घालून बसायचं आणि एक दिवस सगळ्या बाजूंनी एकदम चढाई करायची, तो सुलतानढवा. सैन्याच्या संदर्भात श्टुर्म आला की मी मनात आधी हा शब्द म्हणून बघते, बसला तर वादळ गेलं. इंग्रजीतल्या ‘स्टॉर्म’ला दोन्ही अर्थ आहेत म्हणून इंग्रजीवाल्यांचं निभावतं, आपल्या वादळाला किल्ला घेता येत नाही.

हिटलरच्या तपकिरी शर्टवाल्यांची संघटना, एसए, तिचं पूर्ण नाव श्टुर्मआपटायलुंग. याचं भाषांतर मी ‘वादळ विभाग’ असं छापलेलं पाहिलंय. वादळ विभाग! म्हणजे वेधशाळेतलं एखादं खातं वाटतं, तिथे बसून कुणीतरी वाऱ्याचा वेग मोजतंय. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने खंदकांत घुसून मारा करायला खास तुकड्या बनवल्या होत्या, त्यांना श्टुर्म तुकड्या म्हणायचे, आणि १९२१ मध्ये नाझींनी आपल्या रस्त्यावर मारामाऱ्या करणाऱ्या पोरांना नाव दिलं ते तिथूनच उचललं. म्हणून ‘हल्ला तुकडी’ म्हणा, नाहीतर सरळ एसए म्हणा. तसंच १९४४ चं फोल्क्सश्टुर्म, १६ ते ६० वर्षांच्या उरल्यासुरल्या पुरुषांना हातात मिळेल ते देऊन उभं केलेलं दल, ते ‘लोकवादळ’ नाही हो.

उलट चूक पण होते. मी वर्गात एवढं ‘हल्ला, हल्ला’ करते की मग पोरं सगळीकडे हल्ला करायला लागतात. फेब्रुवारी १९४३ मध्ये बर्लिनच्या श्पोर्टपालास्ट सभागृहातल्या भाषणाचा शेवट गोबेल्सने ‘हे जनते, ऊठ, आणि हे श्टुर्म, सुटू दे’ अशा अर्थाच्या ओळीने केला. ही ओळ जरा फिरवून घेतलेली, मूळ नेपोलियनविरुद्धच्या लढाईच्या वेळची, थिओडोर क्योर्नर नावाच्या कवीची, १८१३ ची. तिथे मात्र वादळच पाहिजे, कारण ते ‘सुटतं’. क्रियापद बघायचं ना राव, शब्द एकटा येत नाही कधी, त्याच्यासोबत कोण आलंय ते बघायचं.

पेपरला फाशी दिली त्याची गोष्ट

एका दिवाळी अंकाचं काम होतं. दसरा होऊन गेलेला, म्हणजे ज्यांना या धंद्याची कल्पना आहे त्यांना कळेल काय परिस्थिती असते. युद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या न्युरेंबर्ग खटल्यावरचा लेख, लेखक बिचारे वयस्कर आणि चांगले अभ्यासू, हाताने लिहिलेला मजकूर, त्यांनी बरोबर लिहिलेलं. मला फक्त ‘नावांवर एक नजर टाका मॅडम’ म्हणून रात्री साडेदहाला पानं पाठवली व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि सकाळी छपाईला जाणार. वाचते तर काय, ‘ज्युलियस स्ट्रायकर ऊर्फ स्टर्मर या नाझी नेत्याला फाशी देण्यात आली’. आणि बाजूला फोटो, पांढऱ्या लांब दाढीचा एक म्हातारा, अंगावर दरबारी पोशाख, छातीवर पदकं. मी दोन मिनिटं नुसती बघत बसले.

झालं काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. लेखकांनी मूळ लिहिलं होतं ‘स्टर्मरचा ज्युलियस स्ट्रायकर’, म्हणजे ‘स्टर्मर’ पेपरवाला स्ट्रायकर, आपण म्हणतो ना ‘केसरीचे टिळक’, तसं. उपसंपादक मुलगा उत्साही, त्याने स्टर्मर शब्द मोबाईलवर टाकला, उत्तर आलं ‘स्ट्रायकर’, फुटबॉलमधला. झालं, त्याची ट्यूब पेटली, अरे हे तर एकाच माणसाचं नाव, एकदा जर्मनमध्ये आणि एकदा इंग्रजीत! मग त्याने ‘ऊर्फ’ घातलं आणि ‘स्टर्मर’ नावाने फोटो शोधून लावला. तर्क म्हणून बघितलं तर पोराचं चुकलं नाही काही, हेच तर दुखणं आहे, चुकीला पण लॉजिक असतं.

आता खरं काय ते. ‘डेर श्ट्युर्मर’ हा साप्ताहिक पेपर, १९२३ मध्ये न्युरेंबर्गमध्ये सुरू झाला, १९४५ च्या सुरुवातीपर्यंत चालला. मालक-संपादक युलिउस श्ट्रायशर, धंद्याने शाळामास्तर. ज्यूंविरुद्धचा इतका गलिच्छ मजकूर आणि अशी चित्रं की काही नाझी पुढाऱ्यांना पण त्याची लाज वाटायची. पुढे पुढे तर प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानाच्या तळाला एकच वाक्य, ‘ज्यू हे आमचं दुर्दैव’, आणि ते वाक्य श्ट्रायशरचं स्वतःचं पण नाही, ट्राइट्श्के नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासकाराचं. पेपर विकत न घेणाऱ्याला पण वाचता यावा म्हणून चौकाचौकात लाल रंगाच्या काचेच्या पेट्या लावलेल्या, त्यात अंक टांगायचे. श्ट्रायशरने स्वतःच्या हाताने कुणाला मारल्याचा आरोप नव्हता, तरी लिहून-छापून लोकांना खुनाला चिथावलं म्हणून मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि १६ ऑक्टोबर १९४६ ला फासावर गेला. तो गेला, पेपर नाही. आणि नाव ‘स्ट्रायकर’ असं लिहूच नका, श्ट्रायशर लिहा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आणि तो दाढीवाला म्हातारा? तो बोरिस श्ट्युर्मर, रशियाचा पंतप्रधान! झार निकोलसने १९१६ च्या सुरुवातीला नेमलेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढलेला. रशियाचं जर्मनीशी युद्ध चालू आणि पंतप्रधानाचं आडनाव असं ठसठशीत जर्मन, त्यामुळे हा जर्मनांना फितूर आहे अशी कुजबुज आधीपासूनच, आणि मग विरोधी पुढारी मिल्युकोवने ड्यूमात, म्हणजे रशियाच्या संसदेत, उभं राहून सरकारच्या एकेका कारभाराबद्दल विचारलं, हा मूर्खपणा आहे की देशद्रोह? बिचारा १९१७ मध्येच वारला, नाझी पक्ष तेव्हा जन्माला पण आला नव्हता. म्हणजे जिवंतपणी आडनावामुळे जर्मन ठरला आणि मेल्यावर आमच्या दिवाळी अंकात आडनावामुळेच नाझी.

संपादक फोनवर म्हणाले, ‘अहो मॅडम, पानं लागलीत.’ मी म्हणलं, ‘मग काढा, नाहीतर माझं नाव काढा.’ शेवटी फोटो काढला, ‘ऊर्फ’ काढलं, आणि उरलेल्या जागेत फराळी चिवड्याची जाहिरात टाकली. ती जाहिरात त्या लेखाशेजारी बघवत नव्हती, पण निदान खोटी नव्हती.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, ती काही पद्धत वगैरे नाही. श्ट्युर्मर दिसला की मी कागदावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहिते, आधीचा शब्द, नंतरचा शब्द, साल. आधी बोरिस, मिशाएल असं काही असेल तर आडनाव. ‘इम श्ट्युर्मर’ म्हणजे ‘श्ट्युर्मरमध्ये’ असं असेल आणि साल १९२३ ते ४५ मधलं असेल तर बहुतेक तो पेपर. आसपास गोल, पेनल्टी, बुंडेसलिगा असेल तर पुढे खेळणारा फॉरवर्ड. मोठ्या अक्षरावरून ओळखायला जाऊ नका, जर्मनमध्ये सगळीच नामं मोठ्या अक्षराने सुरू होतात, टेबल-खुर्ची पण. आणि आर्टिकल लागलं म्हणजे आडनाव नाही असं पण धरू नका, बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात बोलताना माणसाच्या नावाआधी पण ‘डेर’ लावतात आणि आडनाव आधी घेतात, आपल्या ‘पाटलांचा संज्या’सारखं.

एकदा वर्गात एकाने स्पोर्ट्सची बातमी वाचून घाबऱ्या आवाजात विचारलं होतं, ‘मॅडम, तो नाझी पेपर अजून चालू आहे?’ बातमी होती, श्ट्युर्मरने दोन गोल केले.

हुद्दे

एसएस, म्हणजे हिटलरची एसएपेक्षा वेगळी दुसरी सशस्त्र संघटना, तिच्या हुद्द्यांत श्टुर्म भरलेलाय. मूळ श्टुर्म म्हणजे कंपनीएवढी तुकडी, श्टुर्मबान म्हणजे बटालियनएवढी, त्यावरून श्टुर्मबानफ्युरर, साधारण मेजर. ‘वादळ-बॅनर-नेता’ असं मशीन देतं, ते घेऊ नका, इथे बॅनरबिनर काही नाही. आणि हे लांबलचक शब्द टाइप करायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी, ओबरश्टुर्मफ्युरर म्हणजे लेफ्टनंट आणि ओबरश्टुर्मबानफ्युरर म्हणजे लेफ्टनंट कर्नल, मधली ‘बान’ ही दोन अक्षरं खाल्लीत की माणूस तीन पायऱ्या खाली येतो. ज्यूंना मृत्युछावण्यांत पाठवायची यंत्रणा चालवणारा आइशमन यातला दुसरा, म्हणजे लेफ्टनंट कर्नल होता. त्याला लेफ्टनंट केलेलं मी वाचलंय. हुद्दा कळत नसेल तर लिहू नका, नुसतं ‘एसएस अधिकारी आइशमन’ लिहा, कुणी मारणार नाही.

नावं, आडनावं आणि किरकोळ

‘डेर श्टुर्म’ आणि ‘डेर श्ट्युर्मर’ एक समजू नका, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. ‘डेर श्टुर्म’ हे हेरवार्ट वाल्डेनचं बर्लिनमधलं कला-साहित्याचं नियतकालिक, १९१० ते १९३२, कोकोश्कासारख्या नव्या चित्रकारांना ज्याने उभं केलं, आणि वाल्डेन स्वतः ज्यू. त्याच्या बाजूच्या कितीतरी चित्रकारांना नाझींनी १९३७ मध्ये ‘विकृत कला’ म्हणून प्रदर्शनात टांगून हसं केलं. एका ‘अर’ने तुम्ही मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला एकाच रांगेत बसवता.

शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’ जर्मनमध्ये ‘डेर श्टुर्म’. इथे वादळ. बिनधास्त.

आडनावाचं भाषांतर करू नका. ‘श्री. वादळे’ छान वाटतं ऐकायला, पण नाही. श्टुर्म आडनाव बहुधा कुणा पूर्वजाच्या तापट स्वभावावरून पडलेलं, त्याचा एसएशी काडीचा संबंध नाही, शेकडो वर्षं आधीचं आहे. आणि आडनाव जर्मन म्हणजे माणूस जर्मन असंही नाही. इंजिनिअरिंग मॅथ्समध्ये जे श्टुर्म-लिऊव्हिल समीकरण येतं, त्यातला गणितज्ञ श्टुर्म जिनिव्हात जन्मला आणि पॅरिसमध्ये कामाला होता. बॉक्सर फेलिक्स श्टुर्मचं तर खरं नावच आदनान चातिच, बोस्नियन घरातलं, श्टुर्म हे रिंगसाठी घेतलेलं. आडनावावरून घराणं काढायची आपली खोड इथे चालत नाही.

ऑस्ट्रियात शरद ऋतूत पाट्या दिसतात, ‘ताजा श्टुर्म’. ते अर्धवट आंबलेलं द्राक्षाचं पेय असतं. माझी एक विद्यार्थिनी व्हिएन्नाला गेल्या गेल्या ती पाटी बघून छत्री आणायला परत खोलीवर गेली होती.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराचा श्टुर्म हा फुटबॉल क्लब आहे, १९०९ पासूनचा, वादळ कुणाशी मॅच खेळत नाही.

श्ट्युर्मर हा शब्द रोमन लिपीत शोधताना ‘यू’वरची दोन टिंबं गाळू नका, कीबोर्डवर नसतील तर जर्मन लोक करतात तसं ‘यू’नंतर ‘ई’ घाला. मराठीत लिहिताना ‘श्ट्यु’ जड वाटतं म्हणून लोक ‘स्ट’ करतात, पण मॅक्स म्युलरचा ‘म्यु’ आपण बिनतक्रार लिहितोच की, रशियनवाले पण बोरिसचं नाव ‘श्ट्यु’नेच लिहितात. आणि टिंबं गाळून शोधलंत तर इंग्लंडमधल्या एसेक्समधलं स्टर्मर नावाचं खेडं सापडेल आणि तिथलं स्टर्मर पिपिन नावाचं सफरचंद. त्याचा जर्मनीशी काहीही संबंध नाही, कुणी ते नाझींच्या खात्यावर टाकायच्या आत सांगून ठेवते.