तळाशी वाळू घातलेल्या नव्या मत्स्यटाकीतील गढूळ पाणी कसे निवळावे

नव्या मत्स्यटाकीतील पाणी गढूळ दिसले की आधी त्याचा रंग पाहावा. टाकी भरताच पाणी मातकट झाले, तर तो वाळूतील बारीक मातीचा दोष असतो. काही दिवसांनी दुधाळ झाक आली, तर ती बहुधा पाण्यात झपाट्याने वाढलेल्या जिवाणूंची असते, आणि या दोहोंचे उपाय वेगळे आहेत.

मातीवर खरा उपाय म्हणजे वाळू आधीच धुणे. बादलीत थोडी थोडी वाळू घेऊन, वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत ती ढवळून पाणी ओतत राहावे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हे पाणी वाया न घालवता झाडांना घालावे. टाकी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडावी. तरीही गढूळपणा उरल्यास फिल्टरमध्ये पॉलिएस्टरचा कापूस भरावा आणि तो मळताच बदलावा.

दुधाळपणा मात्र बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप निवळतो. घाबरून सारे पाणी उपसणे मला चुकीचे वाटते, कारण त्याने जिवाणूंची घडी पुन्हा विस्कटते. मासे सोडलेले असल्यास खाद्य अगदी कमी करावे, अमोनिया (विष्ठा व उरलेल्या खाद्यातून पाण्यात साठणारे, माशांना घातक द्रव्य) तपासावा आणि तो आढळल्यास क्लोरीन काढलेल्या पाण्याने चौथा हिस्सा बदलावा. हे जिवाणू प्राणवायू खातात, शिवाय कोमट पाण्यात तो कमी विरघळतो. त्यामुळे पारा ४० अंशांवर जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात हवेचा पंप रात्रीही बंद करू नये.