बोर्ड मेंबरचा थेट फोन येतो तेव्हा: एनजीओत नव्याने येणाऱ्यांसाठी

बोर्ड (संस्थेचं विश्वस्त मंडळ), एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर (रोजचं काम चालवणारा पगारी प्रमुख), कोरम (मीटिंगला लागणारी किमान हजेरी), मिनिट्स (मीटिंगचं इतिवृत्त), ऑडिट हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, ते परत सांगत बसत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. संस्थेचा गव्हर्नन्स, म्हणजे निर्णय कोण घेतं आणि देखरेख कोण ठेवतं, हे बघायचं असेल तर संस्थेच्या घटनेच्या (नियमावलीच्या) आधी पगाराचं शीट बघा. कुठली पोस्ट कुठल्या ग्रँटवर आहे, कोण कोणाला रिपोर्ट करतं, कुठली खुर्ची वर्षभर रिकामी आहे, एवढं बघितलं तरी बोर्ड खरंच काय ठरवतंय आणि कुठे नुसती सही करतंय ते कळतं.

स्ट्रॅटेजिक प्लॅन तर सगळ्यांकडे असतो, गुळगुळीत कागदावर छापलेला. पण माणसं प्रोजेक्टच्या पैशावर घेतलेली असली की ग्रँट संपली पोस्ट संपली, नवी ग्रँट ज्या विषयाला मिळाली त्या विषयाची माणसं आली, असं करत करत शिक्षणाचं काम करणारी संस्था कधी आरोग्यात जाऊन बसते कळत नाही आणि मिनिट्समध्ये तसा ठराव एकही सापडत नाही. यालाच मिशन ड्रिफ्ट म्हणतात. ठरवलं कुणीच नाही, भरती होत गेली.

दुसरं म्हणजे ओव्हरहेड, म्हणजे थेट कार्यक्रमावर न होणारा ऑफिस, अकाउंट्स, एचआर असा खर्च. स्वयंसेवी संस्थांना सल्ला देणाऱ्या ग्रेगरी आणि हॉवर्ड या दोघांनी २००९ मध्ये याच्यावर लिहिलं आणि त्याला ‘स्टार्व्हेशन सायकल’ म्हटलं. फंडरला ओव्हरहेड कमी हवं असतं, संस्था खर्च कापते, शिवाय कागदावर तो खऱ्यापेक्षाही कमी दाखवते, मग फंडरची अपेक्षा अजून खाली येते. कापलं कोण जातं? अकाउंट्सवाला, एचआर, डेटा बघणारा. आणि बोर्डासमोर जे कागद जातात ते हीच माणसं बनवतात ना! मग तिमाही रिपोर्ट मीटिंगच्या आदल्या रात्री पोचतो, कुणी उघडत नाही, आणि चर्चा कार्यक्रमाच्या बॅनरवर रंगते. बोर्ड झोपलंय म्हणून आपण नावं ठेवतो, पण त्याला जागं करणाऱ्या माणसाची पोस्टच भरलेली नसते.

आता तो फोन. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण यात मी पार पिळून निघाले होते.

तुम्ही नवीन असता, काम बरं करता, आणि एक दिवस बोर्डातल्या कुणाचा तरी थेट फोन येतो. अमुक गावांचा डेटा पाठव, तमुक माणसाला या पोस्टसाठी बघ, डायरेक्टरला आत्ताच नको सांगू, मी बोलतो त्यांच्याशी. खूप भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. वाटतं आपली दखल घेतली. पण होतं काय, की त्या दिवसापासून तुम्हाला दोन बॉस असतात, डायरेक्टरने एक सांगितलेलं, बोर्ड मेंबरने दुसरं, आणि तुम्ही पाठवलेला अर्धवट डेटा पुढच्या मीटिंगमध्ये डायरेक्टरच्याच रिपोर्टविरुद्ध वापरला जातो. डायरेक्टर तुमच्याकडे संशयाने बघायला लागतात, सहकारी तुमच्यासमोर बोलणं थांबवतात. बोर्डात गट पडतात, एक तुमच्या बाजूचा, एक डायरेक्टरच्या. स्ट्रॅटेजी वगैरे राहते बाजूला, मीटिंग म्हणजे तक्रारींची सुनावणी होऊन बसते. आणि हे निस्तरायची वेळ येते तेव्हा फोन करणारा बोर्डातच असतो, जायचं तुम्हाला असतं.

बोर्डाने कसं काम करावं याचं जॉन कार्व्हर यांचं पॉलिसी गव्हर्नन्स नावाचं मॉडेल आहे, त्यात यावर सरळ नियम आहे: बोर्ड एकाच आवाजात बोलतं, आणि बोर्डाच्या हाताखाली थेट एकच माणूस असतो, तो म्हणजे सीईओ किंवा डायरेक्टर. मीटिंगच्या बाहेर एकट्या मेंबरला स्टाफला हुकूम द्यायचा अधिकार नाही. बाकी मॉडेल कुणाला आवडो न आवडो, नव्या माणसाने एवढं धरून ठेवावं.

छोट्या संस्थांमध्ये हे जरा घोळाचं असतं कारण बोर्ड मेंबर स्वतःच हिशोब बघतात, ट्रेनिंग घेतात. ठीक आहे. पण ते काम करताना ते व्हॉलंटियर आहेत, बोर्ड नाहीत, आणि त्या कामात तेही मॅनेजरचंच ऐकतात. हे लिहून ठेवलेलं असेल तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

घाबरू नका, फोन उचला, नीट बोला आणि म्हणा, ‘हो सर, डायरेक्टर मॅडमना कळवून लगेच पाठवते.’ बस. आणि त्याच दिवशी मॅडमना दोन ओळींचा मेल. यात उद्धटपणा काही नाही, बहुतेक मेंबर समजून घेतात, कितीतरी जणांना तर आपण हद्द ओलांडतोय हे माहीतही नसतं. अपवाद एकच: प्रश्न डायरेक्टरचाच असेल, म्हणजे पैशांची अफरातफर किंवा लैंगिक छळ, तर बोर्डाकडे जायलाच हवं. तेही शक्यतो लेखी, तक्रारीच्या ठरलेल्या वाटेने.

बोर्ड, स्ट्रॅटेजी आणि स्टाफ यांचा गुंता मोठ्या प्रमाणावर बघायचा असेल तर लंडनच्या किड्स कंपनी या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची केस वाचा. दारात आलेल्या कुठल्याही मुलाला परत पाठवायचं नाही ही त्यांची स्ट्रॅटेजी. ऐकायला किती छान, पण त्यामुळे काम आणि स्टाफ वाढत गेला, राखीव निधी मात्र तुटपुंजाच राहिला. ऑगस्ट २०१५ मध्ये संस्था बंद पडली. २०२१ मध्ये कोर्टाने ट्रस्टींना, म्हणजे तिथल्या बोर्ड मेंबरांना, कंपनीचं डायरेक्टर व्हायला अपात्र ठरवायला नकार दिला, आणि २०२२ मध्ये धर्मादाय संस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या चॅरिटी कमिशनने मात्र कर्मचाऱ्यांचे आणि टॅक्सचे पैसे वारंवार उशिरा दिल्याबद्दल गैरव्यवस्थापनाचा ठपका ठेवला. दोन्ही वाचा, एकच वाचून मत बनवू नका.

गव्हर्नन्सच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यापेक्षा संस्थेची मागच्या दोन वर्षांची मिनिट्स मागून घेऊन वाचा. आणि मेंटॉर म्हणून संस्थापकाच्या मागे लागू नका, ते गोष्टी छान सांगतात पण संस्था आणि ते स्वतः यात त्यांना फरक दिसत नाही. जुना अकाउंटंट धरा. कटकट करेल, पण कुठला पैसा कुठे अडकलाय हे तोच सांगेल.

इंटरव्ह्यूत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतात तेव्हा दोन गोष्टी विचारा. ही पोस्ट कुठल्या ग्रँटवर आहे आणि ती संपल्यावर काय? आणि डायरेक्टरचं अप्रेझल बोर्ड दरवर्षी करतं का? दुसऱ्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर समजा की तुमचं अप्रेझलही कुणाच्या तरी मूडवर होणार. नोकरीची गरज असेल तर तरीही जॉइन व्हा, मीही झाले होते, फक्त रिपोर्टिंग कोणाला करायचं ते ऑफर लेटरमध्ये नावानिशी नाही, पदानिशी लिहून घ्या.