लष्करी संगीत कसे ऐकावे

लष्करी संगीत ऐकताना, चाल कानाला गोड लागते की नाही हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून, हे वादन सैनिकाला काय करायला सांगत आहे, हे आधी ओळखावे.

सुरुवात ठेक्यापासून करावी. अर्धा मिनिट पथकाची पावले मोजून ती दुप्पट करावीत. मिनिटाला साधारण १२० पावले पडत असतील तर ते जलद संचलन, त्याच्या जवळपास निम्मी पडत असतील तर ते संथ, समारंभी संचलन होय. फ्रेंच फॉरेन लीजन, म्हणजे फ्रान्सच्या सैन्यातील परदेशी सैनिकांचे दल, मात्र मिनिटाला ८८ पावलांनीच चालते आणि त्यामुळे दुरूनही ओळखू येते.

त्यानंतर बिगुलाकडे वळावे. माझ्या मते खरा अभ्यास येथेच होतो. साध्या बिगुलाला दाबायच्या कळा नसतात, म्हणून त्याचे बहुतेक इशारे अवघ्या पाच स्वरांत बसवलेले असतात, आणि उठण्याचा, जेवणाचा किंवा हल्ल्याचा इशारा वेगळा ओळखू येतो तो त्या मोजक्या स्वरांच्या क्रमामुळे व लयीमुळे. प्रत्येक इशारा लघु-गुरू मात्रांत तोंडाने म्हणून पाहिला की तो लवकर पाठ होतो. ‘लास्ट पोस्ट’ ही धून मुळात पहारेकऱ्यांची तपासणी आटोपून दिवस संपल्याची खूण होती. पुढे ती मृत सैनिकांना निरोप देण्यासाठी वाजू लागली. पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेल्या, बेल्जियममधील मेनिन गेट येथे ती १९२८पासून रोज रात्री आठ वाजता वाजवली जाते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या काळातच तेथे खंड पडला.

तोफांच्या आवाजात बिगुल ऐकू येईनासा झाला आणि हुकूम रेडिओवरून जाऊ लागले, तरी रणांगणावरचे संगीत लगेच संपले नाही. ६ जून १९४४ रोजी ब्रिटिश सैनिक बिल मिलिन यांनी फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गोळीबारात बॅगपाइप वाजवला, तो हुकूम देण्यासाठी नव्हे, सोबत्यांना धीर देण्यासाठी. अनेक सैन्यांत युद्धकाळी वादकांनी वाद्ये ठेवून जखमींचे स्ट्रेचर उचलले आहेत, हेही ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावे.

लष्करी अंत्ययात्रा अर्ध्यावर सोडू नये. जाताना काळ्या कापडाने झाकलेल्या ढोलांचा दबका, संथ ठेका असतो. दफनानंतर मात्र अनेक सैन्यांच्या प्रथेनुसार पथक जलद चालीवर परतते, कारण सैनिकांना पुन्हा कामावर रुजू व्हायचे असते.