पॅराग्लायडिंग शिकायचे असेल तर आधी मैदान, मग डोंगर

मुंबई-पुण्याकडच्या अनेकांची पॅराग्लायडिंगशी पहिली ओळख मावळात कामशेतला होते आणि तीही बहुधा टँडम उड्डाणाने. मागे वैमानिक, पुढे आपण, खाली पवना धरणाचे पाणी, आणि दहा-पंधरा मिनिटांत पाय पुन्हा जमिनीवर. हा अनुभव जरूर घ्यावा, कारण उंचीवर मळमळते का आणि पायाखालची जमीन सुटल्यावर मन कसे वागते, हे त्यातून समजते. उडणे मात्र त्यातून शिकता येत नाही. वारा ओळखणे आणि पंख ताब्यात ठेवणे ही या खेळातली दोन खरी कौशल्ये आहेत, आणि टँडममध्ये ती दोन्ही कामे मागच्या माणसाने आपल्या वतीने उरकलेली असतात.

कामशेत परिसरातला हंगाम पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि साधारण मे महिन्यापर्यंत चालतो. नवशिक्याने त्यातले थंडीचे महिने निवडावेत. मार्चनंतर दुपारी जमीन तापते, तापलेल्या हवेचे स्तंभ, म्हणजे थर्मल, जोराने वर उठू लागतात, आणि अनुभवी वैमानिक ज्या हवेची वाट पाहत असतात तीच हवा शिकणाऱ्याला भिरकावून देऊ शकते. प्रशिक्षण देणारी संस्था निवडण्यापूर्वी एक दिवस नुसते डोंगरावर जाऊन बसावे, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानाशी वॉकीटॉकी आहे का, एका प्रशिक्षकाकडे किती जण आहेत, विद्यार्थ्यांच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वैमानिक ज्यात बसतो त्या पट्ट्यांच्या आसनात, राखीव पॅराशूट आहे का आणि अपघात झाल्यास जखमीला कोणत्या वाटेने खाली न्यायचे हे ठरलेले आहे का, एवढे पाहावे आणि विचारावे. वारा वाढल्यावर विद्यार्थ्यांना ग्लायडर गुंडाळायला लावणारा प्रशिक्षक दिसला, तर त्याच्याकडेच नाव नोंदवावे. आपल्या विम्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, हेही आधीच वाचून घ्यावे, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.

प्राथमिक अभ्यासक्रम साधारण तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यातला बराचसा वेळ सपाट मैदानावर जातो. उडायला आलो आणि पतंग उडवत बसलो, अशी कुरकूर येथे नेहमी ऐकू येते. वस्तुतः पॅराग्लायडरला ताठ सांगाडा नसतो. पुढच्या कडेच्या तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि त्या दाबामुळेच कापडाला पंखाचा आकार येतो. दाब गेला की आकार गेला. म्हणून हा दाब हाताला कसा जाणवतो, हे जमिनीवर समजून घेणे हेच खरे शिक्षण आहे.

ग्लायडर मांडताना त्याची खालची बाजू आकाशाकडे, मागची कड आपल्याकडे आणि हवेची तोंडे असलेली पुढची कड आपल्यापासून दूर ठेवतात. मधला भाग दूर आणि दोन्ही टोके आपल्या बाजूला थोडी वळलेली, अशी घोड्याच्या नालासारखी मांडणी करतात. वारा मंद असेल तर वाऱ्याकडे तोंड करून पळत पंख उचलावा लागतो. वारा पुरेसा असेल तर पंखाकडे तोंड करून ‘ए’ रायझर, म्हणजे पुढच्या कडेच्या दोऱ्या ज्यांना जोडलेल्या असतात ते पट्टे, हलकेच उचलावेत. पंख डोक्यावर आला की ब्रेकने, म्हणजे मागची कड खाली ओढणाऱ्या हातातल्या दोऱ्यांनी, त्याला थोपवावे, नाहीतर तो पुढे झेपावून आपल्यासमोर कोसळतो. पंख एका बाजूला कलला की बहुतेक जण हाताने ओढाताण करतात. त्याऐवजी पायाने त्याच बाजूला सरकून पंखाच्या खाली यावे, म्हणजे तो आपोआप सरळ होतो. वारा अचानक वाढून पंख फरफटू लागला, तर मागचे रायझर किंवा दोन्ही ब्रेक पूर्ण ओढून पंखाच्या दिशेने धावावे. मागे रेलून त्याच्याशी रस्सीखेच खेळू नये, कारण त्यात पंखच जिंकतो. डोळे वर न नेता, केवळ खांद्यांवरच्या ओढीवरून पंख कुठे आहे हे सांगता येऊ लागेपर्यंत हा सराव सोडू नये.

वाऱ्याचा हिशेब मैदानावरच बसून एकदा कागदावर करावा. नवशिक्यांच्या ग्लायडरचा हवेतला नेहमीचा वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर असतो आणि एक मीटर खाली येताना तो सुमारे ८ मीटर पुढे जातो, असे धरू. स्थिर हवेत १०० मीटर उंचीच्या टेकडीवरून निघाल्यास आपण ८०० मीटर दूर आणि ८० सेकंदांत उतरू. समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा असेल तर तेवढ्याच ८० सेकंदांत जेमतेम ४०० मीटर अंतर कापले जाईल. समोरचा वारा ताशी ४० किलोमीटर झाला तर आपण उलटे, डोंगराच्या मागे ढकलले जाऊ. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी १२ किलोमीटरच्या वाऱ्यात लाडिकपणे वागणारा पंख २४ किलोमीटरच्या वाऱ्यात माणसाला उचलून नेतो तो यामुळेच.

पहिली उड्डाणे छोट्या उतारावरून करवून घेतात. निघण्यापूर्वीची तपासणी दर वेळी एकाच क्रमाने आणि शक्यतो मोठ्याने बोलत करावी: हेल्मेट, मांड्यांचे पट्टे, छातीचा पट्टा, कॅराबिनर (हार्नेस आणि रायझर जोडणाऱ्या कड्या), राखीव पॅराशूटची पिन, दोऱ्यांचा गुंता, पंखाची मांडणी, वारा, आणि समोरची व वरची हवा मोकळी आहे की नाही. यांतले मांड्यांचे पट्टे विसरणे सर्वांत घातक आहे. ते न लावता उडालेला माणूस हार्नेसमधून निसटून केवळ काखांवर लोंबकळतो. तपासणी चालू असताना कोणी गप्पा मारू लागले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. धावताना उडी मारू नये आणि पाय सुटताच बसायची घाई करू नये. पंख आपल्याला उचलेपर्यंत पावले चालूच ठेवावीत.

हवेत जिकडे पाहू तिकडे जातो, हे सांगून पटत नाही. शेतातल्या एकुलत्या एका बाभळीवर जाऊन अडकणाऱ्यांना ते पटते. म्हणून विजेच्या तारा, विहीर, झाड यांकडे टक लावून न पाहता मोकळ्या जागेकडे पाहावे. डोंगराच्या कडेने उडताना वळण नेहमी डोंगरापासून दूर घ्यावे. समोरून कोणी येत असेल तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला वाट द्यावी. उतरताना पुरेशी उंची असतानाच हार्नेसमधून उभे राहावे, वाऱ्याकडे तोंड करावे आणि जमिनीपासून सुमारे मीटरभर वर असताना दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढावेत. हे फार आधी केल्यास पंख हवेतच थांबतो आणि आपण दगडासारखे पडतो.

हवामानाविषयी दोन गोष्टी सुरुवातीपासूनच मनावर घ्याव्यात. डोंगराच्या ज्या बाजूवर वारा येऊन धडकतो तिथे तो वर चढतो आणि आपल्याला आधार देतो. पलीकडच्या बाजूला मात्र तो भोवरे करत खाली कोसळतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारावर पूर्वेचा वारा असेल तर समोरून येणारी झुळूक सुखद वाटली तरी निघू नये. दुसरी गोष्ट वळवाच्या ढगांची. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिला येथे सराव करताना जर्मनीची निष्णात पॅराग्लायडर एवा विश्निएर्स्का अशाच एका गडगडाटी ढगात ओढली गेली आणि सुमारे ९,९०० मीटर उंचीपर्यंत फेकली गेली. ती बेशुद्ध पडूनही दैवाने वाचली. त्याच ढगात सापडलेला एक चिनी वैमानिक मात्र वाचला नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी असे ढग उंच वाढताना दिसू लागले की, ते दूर असले तरी, ग्लायडर पिशवीत गेलेले बरे.

साहित्य विकत घेण्याची घाई नसावी. अभ्यासक्रमात संस्थेचेच वापरावे आणि स्वतःचे घ्यायचे झाल्यास ‘ईएन-ए’ (युरोपीय मानकातली सर्वांत सौम्य, नवशिक्यांसाठीची श्रेणी) प्रमाणित, आपल्या एकूण वजनाला योग्य असलेलेच घ्यावे. एकूण वजनात ग्लायडर, हार्नेस, कपडे, पाण्याची बाटली हे सारे धरायचे असते. जुने ग्लायडर स्वस्त मिळते, पण उन्हाने नायलॉन विरते आणि कापडातून हवा झिरपू लागते, म्हणून कापडाच्या व दोऱ्यांच्या तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पाठीवर इंजिन बांधून उडण्याचे, म्हणजे पॅरामोटरचे, आकर्षण अनेकांना असते; पंख तोच असला तरी वजन, पंखा आणि परवानग्या यांची त्यात भर पडते, तेव्हा ते इंजिनाशिवाय उडणे जमल्यावरच पाहावे.

मृगाची चाहूल लागली की ग्लायडर सावलीत पूर्ण वाळवावे, कप्प्यांत अडकलेले गवत आणि किडे झटकून काढावेत आणि ते सैल घडी घालून कोरड्या जागी ठेवावे, कारण दमट कापड पावसाळ्यात बुरसते. राखीव पॅराशूट उघडून, हवा देऊन, जाणकाराकडून पुन्हा बांधून घेण्याचे काम नव्या हंगामाच्या तोंडावर, म्हणजे सप्टेंबरअखेरीस करावे.